तीन गावांची साक्ष
भारत इतिहास संशोधक मंडळाची वाटचाल

वेळणेश्वर हे आमचे कुलदैवत. गोखले, गाडगीळ, सावरकर अशा कितीतरी घराण्यांचे आहे. वर्षा-दोन वर्षांनी कुणी ना कुणी अभिषेकाला येते, किनाऱ्यावर एक संध्याकाळ घालवते आणि परत जाते. गेल्या खेपेला आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथे मुंबईची एक मुलगी मुक्कामाला होती. समाजशास्त्रात पीएच.डी. करते. गावाच्या नावाविषयी, देवाविषयी, समुद्राविषयी लोक काय सांगतात ते ती टिपून घेत होती. रात्री ओट्यावर तिने वही उघडली. अकरा जणांना विचारले होते. नऊ जणांनी सांगितले की नवसाला पावायला वेळ लावत नाही म्हणून वेळणेश्वर. दोघांनी सांगितले की वेळ म्हणजे समुद्राचा काठ. काठावरचा ईश्वर तो वेळणेश्वर.

"काका, नऊ जण एकच सांगतात. आमच्याकडे अशा पडताळ्याला ट्रायँग्युलेशन म्हणतात. मग हे पक्कं धरायचं ना?"

मी विचारले, "या नऊ जणांनी ते कुणाकडून ऐकलं?"

तिने वहीची पाने मागेपुढे केली. तो रकाना वहीत नव्हता.

तिच्या चेहऱ्यावर शंका उमटली तशी मला पुण्याच्या सदाशिव पेठेतली भारत इतिहास संशोधक मंडळाची इमारत आठवली. तीसेक वर्षे मी तिथल्या वाचनालयात जाऊन बसतो आहे. हा रकाना आखायला मी तिथे शिकलो. म्हणून त्या रात्री तिला सांगायला घेतली ती मंडळाची गोष्ट, आणि इथे लिहितो आहे तीही तीच.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. त्याआधी मराठी वाचकाच्या हातात इतिहास म्हणून मुख्यतः बखरी होत्या. 'काव्येतिहास-संग्रह' मासिकाने १८७८ पासून त्या छापायला सुरुवात केली, हे मोठेच काम होते. पण बखर बहुधा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. राजवाड्यांना वाईत पानिपताच्या काळची पत्रे मिळाली. ज्या दिवशी घडले त्या दिवशी, किंवा चार दिवसांनी, ज्याला ते कळणे निकडीचे होते अशा माणसाला लिहिलेली. त्यांनी बखरीतली हकीकत एका बाजूला ठेवली, पत्रे दुसऱ्या बाजूला, आणि खंडाच्या प्रस्तावनेत एकेक तारीख, एकेक मुक्काम तपासत गेले. बखरींची पडझड झाली. एका अस्सल चिठोऱ्यापुढे साऱ्या बखरी फिक्या, अशा थाटाचे त्यांचे मत होते. ते टोकाचे होते असे मला वाटते. पण त्या वेळी असे टोक गाठणारा कुणीतरी हवा होता.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. सुरुवातीची वर्षे मेहेंदळ्यांच्या वाड्यातच गेली. पैसा नव्हता, सरकारी दप्तरे सहजी खुली नव्हती. होती ती सभासदांची पायपीट आणि घरोघरच्या माळ्यांवर फडक्यात बांधून ठेवलेले कागदांचे रुमाल. आज मंडळाच्या संग्रहातले कागद लाखांच्या घरात आहेत. मोडी, फारसी, संस्कृत, शिवाय नाणी, ताम्रपट, चित्रे. त्यातले बहुतेक असेच, कुणाच्या तरी माळ्यावरून आलेले.

या कागदांइतकीच महत्त्वाची होती मंडळाची एक सवय: पाक्षिक सभा. सापडलेला कागद सभासद पंधरा दिवसांनी भरणाऱ्या बैठकीत वाचायचा, आणि मग बाकीचे त्याला प्रश्न विचारायचे. कागद कुणाच्या घरातला? अक्षर त्या काळचे आहे का? शिक्का कुणाचा? तिथी आणि वार जुळतात का? हेच दुसऱ्या कोणत्या दप्तरात आले आहे का? कागद आणणारा माणूस त्या कागदाच्या प्रेमात असतो, हे मी स्वतःवरून सांगतो. त्याला या प्रश्नांची गरज असते. वर्षाची इतिवृत्ते आणि संमेलनवृत्ते निघत, १९२० पासून त्रैमासिक निघू लागले. एखादा कागद खोटा किंवा उशिराचा ठरला तर तसे छापून यायचे. राजवाडे स्वतः पुढे या मंडळीत रमले नाहीत. धुळ्याला गेले आणि १९२६च्या डिसेंबरात तिथेच वारले. दत्तो वामन पोतदार, दत्तात्रेय विष्णु आपटे, सदाशिव महादेव दिवेकर, शंकर नारायण जोशी, गणेश हरि खरे या मंडळींनी ती सवय पुढे चालवली.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा प्रश्न याच सवयीच्या कसोटीला लागला. त्यावर जरा रेंगाळतो, कारण गुणात्मक संशोधन शिकवणाऱ्या कोणत्याही वर्गात सांगावे असे याहून चांगले उदाहरण मला मराठीत माहीत नाही.

रूढ तिथी होती वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७. तिला आधार अनेक बखरींचा. बखरी मोजल्या तर बाजू भक्कम दिसे. पण त्या पाहिल्या की दोन गोष्टी लक्षात येतात. एक, त्या उशिराच्या. मल्हार रामराव चिटणिसांची बखर जन्मानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. दुसरी, त्या एकमेकींच्या लेकीसुना आहेत. एकीने दुसरीवरून घेतले, तिसरीने दोघींवरून. उलट महाराजांच्या पदरी वावरलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाची बखर सर्वांत जवळची, आणि तिच्यात जन्मतिथी दिलेलीच नाही. टिळकांनी १९०० साली 'केसरी'त या घोळाची चर्चा केली होती.

पुढे भोर भागातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातून टिळकांना एक शकावली मिळाली. कान्होजी जेध्यांचे हे घराणे. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटना तिच्यात वर्षवार टिपलेल्या आहेत. टिळकांनी ती मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात जन्म दिला आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी. आपल्या आजच्या बोलण्यात १९ फेब्रुवारी १६३०.

सात-आठ बखरींसमोर ही एकटी शकावली. मंडळातले लोक तिच्यावर लगेच भाळले नाहीत, आणि तिला बाजूलाही सारले नाही. दुसरा साक्षीदार दिवेकरांना तंजावरला मिळाला: कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याची पोथी. परमानंद महाराजांच्या हयातीतला, त्यांच्या आश्रयाने लिहिणारा. काव्य अपुरेच राहिले. बत्तिसावा अध्याय मध्येच तुटतो. पण जन्माचा प्रसंग त्यात आहे, आणि तिथी तीच: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, वेळ रात्रीची. तिसरा साक्षीदार राजस्थानातला. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याने नामांकित लोकांच्या कुंडल्या जमवून ठेवल्या होत्या, त्यांत शिवाजी राजाची कुंडली निघाली. तिच्यात शक नाही, विक्रम संवत आहे, १६८६. फागुण वदि ३, शुक्रवार.

इथे घाईचा माणूस टाळी वाजवून मोकळा झाला असता. पण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षाच्या महिन्याचे नाव दोन्हीकडे एक नसते. आपला फाल्गुन वद्य तो त्यांचा चैत्र वदि. मारवाडातल्या ज्योतिषाने 'फागुण वदि' लिहिले तर ते कोणत्या हिशेबाने, त्याच्या की आपल्या? नुसत्या नावावर भरवसा ठेवावा तर चूक महिन्याची. उत्तर कुंडलीतच आहे. तिच्यात सूर्य कुंभ राशीत तेविसाव्या अंशाच्या सुमारास आहे. महिनाभर आधीची वद्य तृतीया असती तर तो मकरेत असता, आणि वैशाखातला जन्म असता तर मेषेत. म्हणजे कुंडली आपल्या फाल्गुनाचीच. लग्न तिच्यात सिंह आहे. सूर्य कुंभेत असताना समोरची सिंह रास क्षितिजावर उगवते ती दिवस मावळताना. आणि परमानंद रात्र म्हणतो. जेध्यांच्या शकावलीतले हस्त नक्षत्रही या हिशेबात बसते, कारण सूर्य कुंभेच्या उत्तरार्धात असताना वद्य तृतीयेचा चंद्र कन्येत सापडतो, आणि हस्त कन्येतले. तिथी-वाराचा मेळ घालायला तोवर जंत्र्याही तयार होत्या. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह 'द इंडियन कॅलेंडर' १८९६ सालीच सिद्ध केले होते. १९ फेब्रुवारी १६३०ला शुक्रवारच येतो; कागद-पेन्सिल घेऊन मी तो काढून पाहिला आहे.

आपटे आणि दिवेकर यांनी १९२५ साली 'शिवचरित्रप्रदीप' काढून ही साधने एका जागी आणली. १९२७ साली 'शिवभारत' मराठी भाषांतरासह छापून आले. त्याच वर्षी, ३ मे रोजी, जुन्या तिथीप्रमाणे महाराजांच्या जन्माचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाला आणि गोविंद सखाराम सरदेसायांनी त्या निमित्ताने इंग्रजीत एक स्मरणग्रंथ संपादित केला. समाज एका तिथीने उत्सव करतो आहे आणि छापखान्यातून दुसऱ्या तिथीची साक्ष बाहेर पडते आहे, असे ते वर्ष होते.

ओट्यावर इथवर सांगून झाल्यावर त्या मुलीने विचारले, "पण काका, तीनच ना? तिकडे बखरी कितीतरी जास्त."

याचे उत्तर मोजणीदाराच्या कामात आहे. ट्रायँग्युलेशन हा शब्द समाजशास्त्राने मोजणीदारांकडूनच घेतला. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर एक पायारेषा काटेकोर मोजली आणि तिच्या दोन टोकांवरून दूरच्या तिसऱ्या ठिकाणाचे कोन घेत देशाची मोजणी सुरू केली. तो त्याच कामात असताना १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. या रीतीचे मर्म पायारेषेच्या लांबीत आहे. दोन टोके अगदी जवळजवळ असतील तर दोन्हीकडून दिसणारा कोन जवळपास एकच येतो आणि दूरचे ठिकाण नेमके कुठे ते ठरत नाही. किनाऱ्याच्या खुणांवरून जागा धरणाऱ्या तांडेलालाही हे ठाऊक असते. एकाच दिशेच्या दोन खुणा त्याच्या कामाच्या नसतात, एक डोंगराची लागते आणि एक पार दुसऱ्या अंगाची. बखरी संख्येने जास्त, पण साऱ्या एकाच जागी उभ्या. कारी, तंजावर आणि जोधपूर यांच्यामध्ये शेकडो मैल आहेत. देशमुखाचे वतन, कवीचे काव्य आणि ज्योतिषाचा संग्रह यांचे हेतू वेगळे, भाषा वेगळ्या, कालगणनाही सगळ्यांची एक नाही. जोधपूरच्या ज्योतिषाला जेध्यांच्या घरातली टिपणे पाहण्याचे कारण नव्हते. म्हणून तिघे एका दिवसावर येतात तेव्हा तो दिवस ठरतो.

नॉर्मन डेन्झिन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० साली या पडताळ्याचे चार प्रकार सांगितले: साधने अनेक, संशोधक अनेक, सिद्धांत अनेक, पद्धती अनेक. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा पाक्षिक सभेची सतरंजी डोळ्यांपुढे आली. साधने अनेक हे तर उघडच आहे. संशोधक अनेक म्हणजे त्या सभेतले प्रश्न विचारणारे. पद्धती अनेक म्हणजे गणेश हरि खऱ्यांसारखा माणूस, जो फारसी फर्माने वाचतो, ताम्रपट वाचतो, नाणी ओळखतो आणि पंचांगाचे गणितही करतो. सिद्धांताच्या बाबतीत मात्र मंडळाची बाजू उणी राहिली असे मला वाटते. कागदावरचा विश्वास इतका गाढ होता की कागद कोण लिहू शकत होता हा प्रश्न मागे पडला. त्यावर पुढे येतो.

१९३० साली शिवचरित्र कार्यालयातर्फे न. चिं. केळकर आणि द. वि. आपटे यांनी 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' काढला. तिसरा खंड १९३७ साली आला. मराठी, फारसी, इंग्रजी, पोर्तुगीज, डच कागदांचे सार तारखेच्या क्रमाने एकाखाली एक. दिसायला रुक्ष पुस्तक. पण एकाच आठवड्यातला मराठ्यांचा कागद, आदिलशाही फर्मान आणि इंग्रज वखारवाल्याचे पत्र एका पानावर आले की कुणाला काय कळत होते आणि कुणाला काय कळत नव्हते ते दिसू लागते. प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ची. महिन्याभरात तिची खबर राजापूरच्या इंग्रज वखारीतून पुढे गेलेली आहे, म्हणजे आपल्याच रत्नागिरीच्या मुलखातून. अफझलखान मारला गेला, यावर सारे एक. पहिला वार कुणाचा यावर एकमत नाही; शिवभारत आणि सभासद एक सांगतात, मोगली आणि विजापुरी बाजूचे लेखक दुसरे. तिथी ठरवताना साक्षी जुळाव्यात म्हणून आपण धडपडतो. इथे साक्षी न जुळणे हीच माहिती आहे, कारण प्रत्येक दरबाराला ती घटना कशी सांगावीशी वाटली हे त्यातून कळते. पडताळा म्हणजे सगळ्यांना एका सुरात गायला लावणे, असे नव्या संशोधकांना बरेचदा वाटते, आणि मग न जुळणारी मुलाखत ते परिशिष्टात ढकलतात. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की तीच मुलाखत पुन्हा ऐकावी.

जन्मतिथीचा प्रश्न साक्षी जुळल्यावरही लगेच मिटला नाही. १९६६ साली महाराष्ट्र सरकारने इतिहासकारांची समिती नेमली. पोतदार, खरे, न. र. फाटक, वा. सी. बेंद्रे अशी माणसे तिच्यात होती. एकमत झाले नाही. सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ साली, शकावली छापल्यावर पंचाऐंशी वर्षांनी. एवढा काळ लागला याचे मला वाईट वाटत नाही. त्या पंचाऐंशी वर्षांत शंका घेणाऱ्याने शंका घेतली, आणि प्रत्येक शंकेपायी कुणीतरी पुन्हा कुंडली मांडली, पुन्हा जंत्री उघडली.

आता राहिलेली गोष्ट. कारीची, तंजावरची आणि जोधपूरची, तिन्ही साक्षी लिहित्या हातांच्या आहेत. देशमुख, पंडित, ज्योतिषी. शिवनेरीवर त्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत ज्या बायका होत्या त्यांचे कुणी काही टिपले नाही. एका दिवसाची खात्री करायला तीन कागद पुरले. त्या दिवसाबद्दल गडावरच्या माणसांना काय वाटले ते तीस कागदांनीही कळणार नाही, कारण ते कागदांच्या वाटेने आलेच नाही. गुणात्मक संशोधन करणाऱ्याचे भाग्य असे की त्याची माणसे हयात असतात. लिंकन आणि गुबा या संशोधनपद्धतीच्या अभ्यासकांनी १९८५ साली सांगितले की आपण काय समजलो ते सांगणाऱ्यालाच परत वाचून दाखवा, त्याला पटते का विचारा. मंडळाला हे शक्य नव्हते. वेळणेश्वरात ते शक्य आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी वहीत पट्टीने नवा रकाना आखत बसली होती: कुणाकडून ऐकले. दुपारपर्यंत नऊपैकी सहा जणांकडे ती पुन्हा जाऊन आली. चौघांनी पाहुण्यांना सांगता सांगताच हे ऐकले होते, म्हणजे एकाने दुसऱ्याकडून, एकाच वाडीत. एकाने शाळेत. एक आजी म्हणाल्या, पूर्वी असे काही कुणी म्हणत नसे, देव तो देव. काठ सांगणारे जे दोघे होते त्यांपैकी एक देवळाच्या कामाशी संबंधित, संस्कृत शिकलेले. 'वेला' म्हणजे समुद्राचा काठ हे त्यांनी पुस्तकातून घेतले असणार. दुसरा माणूस मासेमारी करणारा. त्याच्याकडे ती संध्याकाळी होड्या परतल्यावर जाणार होती.

"त्याला काय विचारू, काका?"

"तेच. आणि त्याच्या बायकोलाही वेगळं विचार, तो समोर नसताना."

तिने तेही लिहून घेतले. आम्ही चिपळूणच्या गाडीला निघालो तेव्हा भरती लागली होती आणि ती वही छातीशी धरून वाळूतून होड्यांकडे चालली होती.